घाट चढून आलेलं पेन

माणसानं आपला किती अपमान केला यावर त्याची आठवण टिकत असेल, तर भागोजी तांबे माझ्या डोक्यातून या जन्मी जाणार नाहीत. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोर, सायकलवाल्याच्या दुकानाला खेटून त्यांचं पेनांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पायानं चालवायचा एक लेथ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली तांबे. वरच्या त्या शांत चेहऱ्याचा खालच्या गृहस्थांवर काडीचाही परिणाम झालेला नव्हता.

मी तेव्हा रोज महाडहून पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला जायचो. सत्तरचं दशक अर्धं उलटलं होतं. बॉलपेनं बाजारात मिळत होती, पण आमच्या शाळेत त्यांना बंदी होती. पाचवीपासून पुढं प्रत्येकानं शाईच्या पेननंच लिहायचं, असा मुख्याध्यापकांचा नियम. बॉलपेननं अक्षर बिघडतं आणि अक्षर बिघडलं की चारित्र्य बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचं स्वतःचं अक्षर औषधाच्या दुकानदारालासुद्धा लागलं नसतं. चारित्र्याबद्दल मी बोलणारा कोण! पण या एका नियमावर तांब्यांचं दुकान उभं होतं. जूनमध्ये शाळा उघडली की कापडे गावापासून वरच्या वाड्यांपर्यंतची पोरं आपापल्या बापांना ओढत त्या दुकानात आणायची, आणि त्या एका महिन्यावर तांबे उरलेलं वर्ष गिऱ्हाइकांना टाकून बोलायला मोकळे असायचे.

तांबे मुंबईत वीस वर्षं एका पेनच्या कारखान्यात लेथवर होते. ही वीस वर्षं कशी गेली हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, न विचारता सांगितलं.

"टोपनं काढायचो. सकाळी टोपन, दुपारी टोपन, ओव्हरटाइमला टोपन. खालचं पेन दुसराच बनवी, निब तिसराच लावी. वीस वर्सांत आख्खं पेन म्या कवा बनवलंच नाय, मास्तर. कुनी इचारलं काय करतोस, तर काय सांगू? टोपन हाय मी?"

मग त्यांनी कारखान्यातून भंगारात निघालेला एक लेथ उचलला आणि गावाकडं आले. "आता मेलो तरी मुंबईला जानार नाय," असं ते दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. ऐकणाऱ्याला मुंबईला पाठवायचा काही अधिकार नसायचा, पण तांबे त्याच्याकडं संशयानंच पाहायचे.

त्यांच्याकडं तयार पेन विकत मिळत नसे. आधी परीक्षा द्यावी लागे. समोर कागद आणि पेन्सिल सरकवून ते म्हणायचे, "लिवा. नाव लिवा, गाव लिवा." गिऱ्हाईक लिहायला लागलं की तांबे अक्षराकडं बघायचे नाहीत, बोटांकडं बघायचे. मग निकाल लागायचा. तलाठ्याला म्हणाले, "तुमी पेन धरीत नाय, पेनाला लटकताव. जाड करावं लागंल." एका किराणा दुकानदाराला म्हणाले, "इतकी बोटं पुढं? निबेचं चुंबन घेताव काय?" मला म्हणाले, "मास्तर, लय दाबून लिवताव. कुनावर राग हाय?" मी म्हटलं, कुणावर नाही. "मंग बायकोवर असंल," असं म्हणून त्यांनी माझी बोटं सुतळीनं मापली आणि सुतळीला गाठ मारून खिळ्याला टांगली. त्या खिळ्यावर निम्म्या तालुक्याची बोटं लोंबत होती.

टोमणा न खाता या परीक्षेतून बाहेर पडलेलं एकच माणूस मी पाहिलं. बौद्धवाडीतली एक चाळिशीची बाई होती, रात्रीच्या वर्गात नुकतीच सही शिकलेली. तिनं सगळा जीव बोटांत आणून नाव लिहिलं, त्याला पाच मिनिटं तरी लागली असतील. तांबे तेवढा वेळ पाय लेथवरून खाली सोडून गप्प बसून राहिले. शेवटी म्हणाले, "बरोबर हाय गो बाय. आठ दिसांनी ये." मला वाटलं, यांची तब्येत बरी नाही.

त्यांचं मुख्य भांडण मात्र माणसांशी नव्हतं, प्लॅस्टिकशी होतं. पेनं कातण्यासाठी ते मुंबईहून प्लॅस्टिकच्या कांड्या मागवायचे, वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड. हिरव्या, तपकिरी, मोरपंखी, आत दुधाची साय फिरवल्यासारखी नक्षी असलेल्या. दिसायला इतक्या देखण्या वस्तूचा स्वभाव इतका वाईट असू शकतो हे मला तिथंच कळलं. लेथ जोरात फिरवला तर ती वितळून पटाशीला चिकटे. म्हणून मोटर नाही, पाय. हळू फिरवला तर तिचे टवके उडत. आटे पाडताना शेवटच्या फेऱ्यात, सगळं काम झाल्यावर, ती मुद्दाम तडकते असा तांब्यांचा आरोप होता. त्यातली सेल्युलॉइडची कांडी तर पेटायचीही. तिच्या सालींचा ढीग पायाशी पडलेला असताना एक सरपंच पेटती विडी घेऊन दुकानात शिरले. तांब्यांनी एक शब्द न बोलता तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं आणि मग शांतपणे म्हणाले, "या, बसा. काय काढलंत?"

या सेल्युलॉइडला आणखी एक खोड होती. ती कांडी कच्ची यायची. आली तशी कातली तर पेन आज झकास दिसे, पण पुढं महिनोन्महिने वाळत, आकसत जाई आणि वाकडं होई. म्हणून तांबे प्रत्येक कांडीला आल्या दिवसाची चिठ्ठी बांधून ती आढ्याला टांगून ठेवायचे. किमान दोन पावसाळे. अधूनमधून एखादी खाली उतरवून नाकाशी धरायचे. "कापराचा वास येतोय. कच्ची हाय." की पुन्हा वर. लोकांच्या आढ्याला कांदे असायचे, यांच्या आढ्याला पुढच्या दोन वर्षांची पेनं.

तालुक्याला एक साहेब आले होते. नाव सांगत नाही, कारण ते निवृत्त होऊन कुठंतरी आत्मचरित्र लिहीत असतील. त्यांना मोरपंखी रंगाचं पेन हवं होतं आणि ते आठ दिवसांत हवं होतं. तांबे म्हणाले, "मोरपंखी सगळ्या कच्च्या हायत. दोन पावसाळ्यांनी या." साहेबांना उभ्या आयुष्यात कुणी दोन पावसाळे थांबायला सांगितलेलं नसावं. त्यांनी दुकानाची ओटी किती फूट रस्त्यावर आली आहे याची अगदी आपुलकीनं चौकशी केली. तांब्यांनी आठ दिवसांत पेन दिलं. देताना म्हणाले, "साहेब, पेन तुमच्या हुद्द्याचं झालंय. टिकंल किती, ते कांडी ठरवील."

पुढच्या उन्हाळ्यात एका पुलाचं उद्घाटन निघालं. मंत्री आले. भाषणं झाली. अभिप्रायाची वही पुढं आली तेव्हा साहेबांनी मोठ्या ऐटीत खिशातलं मोरपंखी पेन काढून मंत्र्यांच्या हातात दिलं. टोपण निघेना. मंत्र्यांनी पिळलं, साहेबांनी पिळलं, स्वीय सहायकांनी दात लावले. टोपण आकसून पेनला असं बसलं होतं की दोघांचं जणू लग्नच लागलं होतं. शेवटी मंत्र्यांनी शिपायाच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं आणि सही केली. मी मुलांची रांग सांभाळत जवळच उभा होतो. साहेबांचा चेहरा मी पुढं कितीतरी दिवस पुरवून पुरवून आठवला.

साहेब तडक दुकानात. तांब्यांनी पेन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "माजी चूक झाली, साहेब. कच्ची कांडी तुमच्या धाकानं पिकंल असं मला वाटलं." दुसऱ्या दिवशी ओटी पाडली गेली. गिऱ्हाइकं मग गटारावर फळी टाकून उभी राहू लागली. तांब्यांचं म्हणणं, यामुळं बरं झालं. नुसतं बसायला येणारी गर्दी कमी झाली. हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं होतं.

पण तांब्यांची खरी ख्याती होती ती आंबेनळी घाटामुळं. आमच्या भागात पेन घेणाऱ्याला एक शाप होता. पोलादपूरला पेन ठणठणीत असायचं. तेच खिशाला लावून माणूस एस.टी.नं घाट चढून महाबळेश्वरला उतरला, की शर्टाच्या खिशावर निळं तळं. लोक कंपनीला शिव्या द्यायचे, कंडक्टरला द्यायचे, एकजण तर घाटातल्या देवाला नारळ देऊन आला होता. तांब्यांनी यावर काढलेला उपाय तालुक्यात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. दर रविवारी पांढरा शर्ट घालून ते पहिल्या गाडीनं घाट चढायचे. खिशात त्या आठवड्यात बनवलेली पाच-सहा पेनं, सगळी मुद्दाम अर्धीच भरलेली. वर उतरून एक चहा प्यायचे, खिसा तपासायचे आणि परतीच्या गाडीनं खाली. ज्या पेननं शर्ट कोरा ठेवला ते पास. ज्यानं ठिपका सोडला त्याच्या निबेखालच्या, शाई उतरवणाऱ्या पट्टीच्या खाचा पुन्हा कोरायच्या आणि पुढच्या रविवारी त्याला पुन्हा घाट दाखवायचा. खिशाला सहा पेनं पाहून नवखे प्रवासी त्यांना मंत्रालयातले अधिकारी समजून जागा द्यायचे. तांबे जागा घ्यायचे, समज दूर करायचे नाहीत.

वहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, हा शर्ट धुवायच्या. एकदा मी दुकानात असताना तो दोरीवर टाकत म्हणाल्या, "मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमी तरी सांगा ह्यांना. लोकांचा शर्ट साफ ऱ्हावा म्हून आमचा शर्ट रंगवायचा, ह्ये कुठं शिकिवत्यात?"

मी शिकलेला माणूस होतो यात शंकाच नव्हती. मी लगेच तांब्यांना वातावरणाचा दाब समजावून सांगितला. उंचीवर बाहेरची हवा विरळ होते, पेनमध्ये कोंडलेली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. फळ्यावर काढतो तशी त्यांच्याच कागदावर आकृतीही काढली. तांब्यांनी पाय थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पेन अर्धं असलं तर हवा जास्ती, आन् गळनार बी जास्ती?"

"अगदी बरोबर!" मला हुशार विद्यार्थी भेटल्याचा आनंद झाला.

"ते मला धा रविवारांत कळलंय. आता उपाव सांगा."

उपाय पुस्तकात नव्हता. मी घड्याळ पाहून उठलो.

पुढच्याच महिन्यात शाळेची सहल प्रतापगड-महाबळेश्वरला निघाली. महाडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला आखातातून आणलेलं सोनेरी टोपणाचं पेन भेट दिलं होतं. ते खिशाला लावून मी तांब्यांना दाखवायला गेलो, म्हणजे जिरवायलाच गेलो. त्यांनी ते उजेडात धरलं. "अर्धं हाय. भरून घ्या, मास्तर." मी म्हटलं, "परदेशी आहे हो हे." "घाट देशी हाय," ते म्हणाले आणि कामाला लागले. हवेच्या दाबाची आकृती काढून अजून महिना झाला नव्हता, पण मला पेन भरून घ्यायची लाज वाटली. वर पोहोचेपर्यंत माझ्या खिशातून शाई बरगड्यांपर्यंत उतरली होती. साठ मुलं पाहत होती. त्यातल्या एकानं अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, हा वातावरणाचा दाब का?"

सोमवारी मी तांब्यांच्या दुकानात जाऊन मुकाट्यानं खिळ्यावरची माझी सुतळी उतरवली आणि त्यांच्यापुढं ठेवली. ते काही बोलले नाहीत. एवढा मोठा टोमणा त्यांनी मला पुन्हा कधी मारला नाही. तीन आठवड्यांनी तपकिरी, पोटाशी किंचित जाड असं पेन माझ्या हातात आलं, दोन पावसाळे खाल्लेलं आणि घाट चढून आलेलं. त्या पेननं माझं अक्षर सुधारलं. शाळेतल्या सगळ्या सूचना मग मलाच लिहायला लागल्या, आणि मला ते आवडायचं.

ऐंशी साल उलटल्यावर बॉलपेन स्वस्त झालं, इतकं की ते हरवलं तरी कुणी रडेना. आजूबाजूच्या शाळांनी परवानगी देऊन टाकली. आमचे मुख्याध्यापक ठाम होते. मग त्यांच्या जावयानं त्यांना चार रंगांचं बॉलपेन भेट दिलं आणि त्यांच्या ठामपणाला चार रंग फुटले. मे महिन्याच्या शेवटी बैठक झाली. काळाबरोबर चालायला हवं, असं ते म्हणाले. चारित्र्याचा विषय निघाला नाही. मग त्यांनी विचारलं, "कुणाचा विरोध?"

विरोध करायला हवा होता तो माणूस मी होतो. जूनच्या गर्दीवरच ते दुकान चालतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तांब्यांना परत कुठं जावं लागेल हेही मला माहीत होतं. मी पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता, पण मी चांगला वेळ पाहत राहिलो. मुख्याध्यापक म्हणाले, "मग सूचना तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर छान आहे." आणि मी लिहिली. बैठकीनंतर तांब्यांना जाऊन सांगणंही मला जमलं नाही. या गोष्टीची मला आजही शरम वाटते, आणि तिच्यावर विनोद करायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. तो होत नाही.

जून कोरडा गेला. जुलैत तांब्यांनी लेथ पोत्यात बांधून एका ट्रकवर चढवला आणि दोघं मुंबईला गेले. स्टँडवर निरोपाला मी गेलो नाही. तास होता असं मी स्वतःला सांगितलं. तिथं त्यांच्या हाताला अख्खं पेन लागलं की पुन्हा टोपणंच, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. त्यामुळं माझ्यापुरते तांबे दिसले ते शेवटचे शाळेतच, जूनमध्ये शाळा उघडून सूचनांच्या फळ्यावर ती सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

वर्ग सुटले होते. व्हरांड्यात येऊन पाहतो तर ते फळ्यासमोर उभे. सूचना वाचत होते. बराच वेळ वाचत होते. मी जवळ गेलो. बोलायची वाक्यं मी मनात तयार ठेवली होती: काळ, स्वस्ताई, पालकांचा आग्रह.

"ह्ये तुमी लिवलंव?"

"हो."

"माज्या पेनानं?"

"हो, तांबे. पण माझं ऐका—"

"शाई जास्ती सोडतंय." त्यांनी बोट कागदाला न लावता दाखवलं. "ही वळ बघा, कसा चिखुल झालाय. किती दिस चालवताव असं? दाखवायला आनायचं नाय?"

"तांबे, त्यात काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

"वाचलं. वाचता येतंय मला." त्यांनी हात पुढं केला. मी खिशातून पेन काढून दिलं.

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. निब काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून दाबली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा दाबली. खालची पट्टी नखानं केसभर सरकवली. हात तोच होता, सवयीचा, न घाबरणारा. पेन जोडून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"लिवा."

"काय लिहू?"

"ह्येच. आख्खी परत लिवा. येनारा-जानारा बघनार, म्हननार भागोजीचं पेन चिखुल करतंय."

मी ऑफिसातून कोरा कागद आणला आणि बाकावर बसून लिहायला लागलो. या वर्षापासून विद्यार्थ्यांना बॉलपेन वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे. ते माझ्या मागं उभे होते. मध्ये एकदाच म्हणाले, "सावकाश. घाई कसली?" शाई अगदी हवी तेवढीच उतरत होती. इतकं सुंदर मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

सही झाल्यावर त्यांनी कागद फुंकर मारून वाळवला. जुनी सूचना काढून माझ्या हातात दिली आणि नवी स्वतः फळ्यावर लावली, चारी टाचण्या अंगठ्यानं दाबून. दोन पावलं मागं सरकून पाहिली.

"आता कसं," ते म्हणाले, "लांबनं बी वाचता येतंय." आणि पायऱ्या उतरून फाटकाकडं चालू लागले.